हवा तापवायची की पिल्लू?

हिवाळ्यात निफाडचं नाव वर्तमानपत्रांत वारंवार येतं. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा घसरला की बातमी होते, द्राक्षबागांत पेटवलेल्या शेकोट्यांचे फोटो छापून येतात. त्याच रात्री त्याच शिवारात, पत्र्याच्या शेडमध्ये, चाळीस-बेचाळीस ग्रॅम वजनाची हजारो पिल्लं उबेसाठी एकमेकांवर चढत असतात. त्यांची बातमी होत नाही.

आपल्याकडे घर तापवायची पद्धत नाही. थंडी पडली की आपण गोधडी घेतो, स्वेटर घालतो. खोली आहे तशीच राहते. महाराष्ट्रात इंधन जाळून खरोखर तापवावी लागणारी इमारत कोणती, असं विचारलं तर माझं उत्तर कोंबड्यांची शेड असं आहे. एका दिवसाच्या पिल्लाच्या शरीराचं तापमान चाळीस अंशांच्या आसपास राहायला हवं, आणि ते स्वतःहून राखण्याची ताकद त्याच्यात पहिले बारा-चौदा दिवस पुरती आलेली नसते. अंगावर पिसं नसतात, नुसती लव असते. पहिल्या दिवशी त्याच्या पातळीवर बत्तीस ते चौतीस अंश लागतात. बाहेर सहा अंश असतील तर मधलं अंतर शेतकऱ्यानं भरून काढायचं.

ते कशानं भरायचं यावर वाद आहे. कोळशाची शेगडी जुनी. अडीचशे वॅटचे बल्ब नंतर आले आणि रात्रीच्या भारनियमनानं त्यांचा भरवसा घालवला. आता गॅसवरचे इन्फ्रारेड ब्रूडर, म्हणजे पिल्लांना ऊब देणारी यंत्रं, टांगली जातात. यंत्र तसं परदेशी कारखान्यांतलं. जर्मनीतल्या कोलोनच्या गुंथर श्वांक यांचं नाव त्याच्याशी जोडलेलं आहे. बारीक भोकांची चिनीमातीची फरशी, भोकांतून गॅस आणि हवा यांचं मिश्रण, पृष्ठभागावरच जळणारी ज्योत, आणि आठशे-नऊशे अंशांवर लालभडक झालेली फरशी. युरोपात उंच कारखाने, गोदामं, विमानांचे हँगर असे तापवतात, कारण तिथे सगळी हवा तापवणं परवडत नाही.

पुढचा संवाद मी रचलेला आहे. शेडवर वेगवेगळ्या तोंडून निघणारा वाद मी एका घरात आणून बसवला आहे. सासरे शेगडीच्या बाजूचे, सून गॅसच्या बाजूची. माझं माप कुणाच्या पारड्यात आहे ते लपवणार नाही, पण अण्णांचं म्हणणं मोडीत काढण्यासारखं नाही, हेही आधीच सांगतो.

अण्णा : शेगडीनं तुझं काय वाईट केलं? पत्र्याच्या डब्याला भोकं पाडायची, कोळसा भरायचा, बाहेर पेटवायचा, धूर गेला की आत न्यायचा. वीज लागत नाही, मेकॅनिक लागत नाही, सिलिंडरची वाट बघावी लागत नाही.

सूनबाई : रात्री दोनला उठून कोळसा कोण घालतं, अण्णा?

अण्णा : तू घालतेस. मी नाही कुठं म्हणतो? पण गॅस लावला तरी उठावंच लागणार. पिल्लं शेडमध्ये टाकून कुणाला झोप लागत नाही.

सूनबाई : उठेन ना. पण उठून पिल्लं बघेन. आत्ता उठते ती निखारे बघायला. खाली वाकून कोळसा सारला की डोकं गरगरतं, सकाळपर्यंत ठणकतं. मी पाच मिनिटं तिथं असते. पिल्लं चोवीस तास असतात.

अण्णा : धूर बाहेर काढूनच शेगडी आत नेतो आपण.

सूनबाई : धूर जातो. जे दिसत नाही ते जात नाही.

सूनबाईंचं डोकं ठणकतं ते कार्बन मोनॉक्साइडमुळे. रंग नाही, वास नाही. राखेखाली धुमसणाऱ्या कोळशाला पुरेशी हवा मिळत नाही, तेव्हा तो अर्धवट जळतो आणि हा वायू सुटतो. रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी त्याला घट्ट धरतं. बंद खोलीत शेगडी घेऊन झोपलेली माणसं सकाळी उठली नाहीत, अशा बातम्या आपण दर हिवाळ्यात वाचतो. शेडमध्ये पिल्लं मेली तर मात्र ‘गारठ्यानं गेली’ म्हणून मोकळे होतो. त्यातली काही गारठ्यानं जात नाहीत, असं मला ठामपणे वाटतं.

अण्णा : म्हणून तर शेडच्या बाजूचा पडदा वरून वीतभर उघडा ठेवायला सांगतो मी.

सूनबाई : आणि ठेवला की ऊब निघून जाते. मग तुम्हीच म्हणता, लाव गं पडदा. उघडला तर गारठा, लावला तर हा वायू आणि खाली अंथरलेल्या तुसातला अमोनिया. या दोन्हींच्या मधे कुठंतरी पडदा धरायचा, आणि वारा रात्रीतून तीनदा फिरतो. मला यातून सुटायचंय. ऊब आणि हवा एकमेकींना बांधलेल्या नकोत.

अण्णा : त्या कशा सुटतील? ऊब हवेतच असते ना.

सूनबाई : सकाळी सातला अंगणात कोवळ्या उन्हात उभे राहता तेव्हा हवा गरम असते का?

अण्णा : नसते. पाय सावलीत गेला की लगेच कळतं.

सूनबाई : मग अंग कसं तापतं?

अण्णा : उन्हानं.

सूनबाई : हेच. ऊन मधल्या हवेला फारसं न तापवता अंगाला लागतं. ब्रूडरची लाल फरशी तेच करते. तुसाला लागते, पिल्लाच्या पाठीला लागते, पाण्याच्या भांड्याला लागते. हवा मग त्या तापलेल्या तुसावरून थोडी गरम होते, पण ती मागाहून. पडदा उघडला तर हवा जाईल. तूस जात नाही.

विल्यम हर्शेल यांनी १८०० साली इंग्लंडमध्ये लोलकातून सूर्यप्रकाश पाडून प्रत्येक रंगात तापमापक ठेवला. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, तिथे पारा सगळ्यात वर चढला. तेच हे अवरक्त, म्हणजे इन्फ्रारेड किरण. हवेचा जवळजवळ सगळा भाग नायट्रोजन आणि प्राणवायू यांचा असतो, आणि हे दोन्ही वायू या किरणांना अडवत नाहीत. वाफ आणि कार्बन डायऑक्साइड थोडे अडवतात. शेडच्या उंचीत ते फार नसतं. भाताचं तूस, लव, कातडी मात्र पडलेल्या किरणांचा बहुतेक भाग शोषून घेतात.

आणि ही उष्णता तापमानाबरोबर सरळ वाढत नाही, निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घातानं वाढते. नऊशे अंशांवरच्या तळहाताएवढ्या फरशीतून सुमारे एक किलोवॅट उष्णता किरणांनी बाहेर पडते. त्याच आकाराचा शंभर अंशांचा पत्रा शंभराव्या हिश्शाएवढीही देत नाही.

अण्णा : हे सगळं मला गॅसवाल्या एजंटानंही सांगितलं. त्याला विचारलं, निखारा काय वेगळं करतो? निखाराही लाल असतो. त्याच्यासमोर हात धरला तर हाताला लागतं, हवा तापायची वाट बघावी लागत नाही. तेव्हा तो गप्प बसला.

अण्णांचा मुद्दा बिनतोड आहे. निखाराही अवरक्त किरणच फेकतो. गॅसचा ब्रूडर काहीतरी नवी उष्णता देतो असं जे विकणारे सांगतात, ते चुकीचं सांगतात. फरक इतर ठिकाणी आहे, आणि सूनबाईंनी तो बरोबर पकडला.

सूनबाई : निखारा लाल असतो तोवर तुमचं खरं. पण आपली शेगडी डब्यात असते. निखाऱ्याचे किरण डब्याला आतून लागतात, डबा तापतो, डब्यापासून हवा तापते, ती वर पत्र्याकडे जाते. वर राख धरली की लाली जाते. आणि शेगडी जमिनीवर असते, म्हणून ऊब आडवी जाते. जवळची पिल्लं भाजतात, ती लांब पळतात. लांबची जवळ येऊन चेंगरतात. ब्रूडर वरून टांगलेला असतो, तोंड खाली. तूस तापतं. पिल्लाचे पाय आणि पोट त्या तुसावर असतं, अण्णा. थंडी त्याला खालून लागते.

अण्णा : पाय गार पडले की पिल्लू खात नाही, हे मला तू सांगतेस?

सूनबाई : तुमच्याकडूनच शिकले. पिल्लू उचलून पाय गालाला लावून बघायचे. मग सांगा, शेगडीच्या शेडमध्ये कडेच्या पिल्लांचे पाय कसे लागतात?

अण्णा : गार लागतात. पण त्याला शेगडीचा दोष नाही, शेडचा आहे. तुम्ही सगळे उष्णता कुठून आणायची यावर भांडता. ती जाते कुठं, ते आधी बघा. द्राक्षाच्या बागेत मी शेकोट्या पेटवतो. आभाळ असलं तर पेटवायची गरज पडत नाही. निरभ्र असलं आणि वारा पडला की पहाटे बाग करपते. पंख्याएवढी झुळूक नसते, तरी पान जळतं. थंडी वाऱ्यानं येत नाही. ती वरून येते.

सूनबाई : वरून येत नाही, वर जाते. पान आपली ऊब आभाळाकडे सोडतं. ढग असले तर ढग थोडी परत देतात. निरभ्र असलं की फार कमी परत येते.

अण्णा : तू काहीही म्हण. आपल्या पत्र्याला पहाटे आतून दव धरतं. का धरतं?

सूनबाई : पत्रा हवेपेक्षाही गार होतो म्हणून.

अण्णा : आणि त्या गार पत्र्याखाली उघडं पिल्लू. मग मला सांग, ब्रूडर एका जागी ऊन पाडणार आणि बाकीचा सगळा पत्रा पिल्लाची ऊब ओढून घेणार. आधी पत्र्याखाली छत बांध. गोणपाटाचं बांध, ताडपत्रीचं बांध, पण बांध. शेडच्या तिसऱ्या हिश्शात पिल्लं ठेव, बाकी भाग पडद्यानं तोड. दोन दिवस आधीपासून तूस तापव. एवढं केलं की शेगडीही पुरते. हे केलं नाही तर तुझा गॅस पत्रा तापवत बसेल.

इथे मला अण्णांच्या बाजूनं उभं राहावंसं वाटतं. अवरक्त किरण गरम वस्तूकडून थंड वस्तूकडे जातात, आणि थंड पत्रा म्हणजे पिल्लाच्या ऊबेला वर पडलेलं मोठं भगदाड. ज्यांना हे शब्दांत कुणी शिकवलं नाही, त्यांनी ते बाग करपताना पाहून ओळखलं. सल्ला देणारे आम्ही लोक मात्र उपकरणाच्या जाहिरातीपासून सुरुवात करतो. क्रम अण्णांचा बरोबर आहे: आधी छत, मग आडपडदा, मग कोरडं आणि पुरेसं जाड तूस, आणि शेवटी उष्णतेचं साधन.

पण हा क्रम मान्य केल्यावर अण्णांचीच एक अडचण उभी राहते.

सूनबाई : छत बांधू. आडपडदाही टाकू. म्हणजे आपण जागा लहान केली आणि वरून झाकली. आता त्याच लहान जागेत शेगड्या धुमसणार. हवा आधीपेक्षा कमी आणि वायू तेवढाच. जेवढं नीट झाकाल, तेवढी शेगडी वाईट ठरत जाईल, अण्णा.

अण्णा : आणि तुझा गॅस? तो काय फुलं उधळतो का? तोही आतच जळतो. धुराडं नाही त्याला. घरात गॅस पेटवून ठेवला की भिंतीला घाम येतो, तुला माहीत आहे. कोळसा कोरडा असतो. गॅसमधून पाणी सुटतं. तूस ओलं झालं की अमोनिया, अमोनिया झाला की डोळे, मग श्वसनाचा आजार.

अण्णांनी ज्या जागी बोट ठेवलं आहे, तिथे आकडे द्यायलाच हवेत. एक किलो एलपीजी जळला की सुमारे तीन किलो कार्बन डायऑक्साइड आणि दीड लिटरहून थोडं अधिक पाणी वाफेच्या रूपात बाहेर पडतं. एकोणीस किलोचा व्यावसायिक सिलिंडर संपेपर्यंत शेडच्या हवेत सुमारे तीस लिटर पाणी आणि सत्तावन्न किलो कार्बन डायऑक्साइड मिसळलेला असतो. शुद्ध कोळशातून पाणी जवळपास नाही, हेही अण्णांचं खरं. मात्र एक किलो कार्बन पूर्ण जळला तर साडेतीन किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइड तयार होतो, आणि तो पूर्ण जळत नाही तेव्हा जे तयार होतं ते आपण वर पाहिलं.

सूनबाई : तीन किलोवॅटचा एक ब्रूडर पूर्ण ताकदीनं चालला तर तासाला पाव किलोहूनही कमी गॅस खातो. बारा तासांची रात्र धरली तर पावणेतीन-तीन किलो. म्हणजे साडेचार लिटर पाणी. पहिल्या आठवड्याच्या शेवटी हजार पिल्लं दिवसाला तीस-चाळीस लिटर पाणी पितात. ते कुठं जातं? बहुतेक तुसात आणि हवेतच येतं. तुम्ही साडेचार लिटरला घाबरता, मी त्या तीस लिटरला घाबरते. ते बाहेर काढायला पडदा उघडावाच लागतो. शेगडी असेल तर मला तो उघडायची हिंमत होत नाही. ब्रूडर असेल तर होते.

अण्णा : उघडला तरी गॅस वाया जाईलच.

सूनबाई : जाईल, पण किती? तीस फूट रुंद, शंभर फूट लांब, दहा फूट उंच अशी शेड धरा. त्यातली सगळी हवा एकदा बदलली आणि ती वीस अंशांनी गरम करावी लागली, तर साडेपाच युनिटांच्या आसपास उष्णता लागते. म्हणजे अर्धा किलोपेक्षा कमी गॅस. आणि ब्रूडरखाली सगळ्या हवेला वीस अंश वर न्यायची गरजच नाही, पिल्लाला ऊब किरणांनी मिळते. तुम्ही हवा तापवता म्हणून ती कोंडून ठेवता. मी पिल्लू तापवते, हवा येऊ दे आणि जाऊ दे.

माझ्या मते हा सगळ्या वादाचा गाभा आहे. गॅसचा ब्रूडर इंधन वाचवतो की नाही, यावर शेडागणिक वेगळं उत्तर येईल. पण तो शेतकऱ्याला पडदा उघडायची मुभा देतो, आणि पहिल्या आठवड्यात ती मुभा इंधनाहून महत्त्वाची आहे. शेडमध्ये अमोनिया वीस-पंचवीस पीपीएमच्या वर जाऊ देऊ नये, कार्बन डायऑक्साइड तीन हजार पीपीएमच्या आत ठेवावा, कार्बन मोनॉक्साइड दहाच्या आत, हे दंडक कोंबडीपालनात सर्वमान्य आहेत. बंद पडद्याआड शेगडी ठेवून ते पाळता येत नाहीत. ज्यांनी गॅस लावला आणि जुन्या सवयीनं पडदा घट्टच ठेवला, त्यांनी मात्र पैसे घालवले आणि दोष तोच ठेवला. असे शेतकरीही मी पाहिले आहेत. त्यांना ब्रूडर विकणाऱ्यानं पडद्याबद्दल एक शब्द सांगितलेला नव्हता.

अण्णा : बरं, करारानं पिल्लं देणाऱ्या कंपनीचा सुपरवायझर काय म्हणेल? तो येतो, खांबावरचा थर्मामीटर बघतो, तेहतीस नसले की वहीत लिहितो.

सूनबाई : हाच घोळ आहे. खांबावरचा थर्मामीटर माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर असतो, आणि तो हवेचं तापमान सांगतो. ब्रूडरखाली हवा सव्वीस अंश असेल आणि पिल्लू मजेत असेल. तो म्हणणार, वाढवा. मी वाढवला की पिल्लं तोंड उघडून पंख पसरणार.

अण्णा : मग कशावर विश्वास ठेवायचा?

सूनबाई : पिल्लावर. गोळा झाली तर थंडी. ब्रूडरपासून लांब गोल करून बसली तर उष्णता जास्त. एकाच बाजूला सरकली तर वारा येतोय. सगळीकडे सारखी पांगून खात-पीत असतील तर ठीक. हे तुम्हीच शिकवलंत.

अण्णांनी शिकवलेलं निरीक्षण कुठल्याही यंत्रापेक्षा सरस आहे, यात मला शंका नाही. तरी मापाला पर्याय आहे. पोकळ काळ्या गोळ्याच्या मध्यभागी तापमापक ठेवला की तो हवा आणि किरण या दोन्हींचा एकत्रित परिणाम दाखवतो. व्हर्नन यांनी १९३०च्या दशकात असा तांब्याचा गोळा वापरात आणला. घरी टेबल टेनिसचा चेंडू मंद काळ्या रंगानं रंगवून, त्यात तापमापकाचं टोक बसवून, तो पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर ठेवला तरी काम भागतं. तुसाचं तापमान बघायला हातातली इन्फ्रारेड गन मिळते. पिल्लं उतरवण्याआधी ते अठ्ठावीस ते बत्तीसच्या दरम्यान असेल तर सुरुवात बरी होते. कंपन्यांनी सुपरवायझरच्या वहीत खांबाऐवजी तुसाचा रकाना घालावा, असं मला कळकळीनं सांगावंसं वाटतं.

अण्णा : आग लागली तर? खाली एवढं तूस. साखळी तुटली, ब्रूडर पडला, संपलं. शेगडी जमिनीवर असते, पडत नाही.

सूनबाई : शेगडीतून ठिणगी उडते. पण तुमची भीती खोटी नाही. दोरीनं टांगायचा नाही, लोखंडी साखळी, आणि जोडीला दुसरी साखळी. सिलिंडर शेडच्या बाहेर, उभे, सावलीत. आत फक्त पाईप. जोडावर दर बॅचला साबणाचं पाणी. ज्योत विझली तर गॅस आपोआप बंद करणारा व्हॉल्व्ह असलेलाच ब्रूडर घ्यायचा. छत मात्र ताडपत्रीचं नको, ब्रूडरच्या वर तर अजिबात नको.

अण्णा : गॅस गळला तर वास येईल.

सूनबाई : येईल, पण हा गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली बसतो. आपल्या नाकाला यायच्या आधी तुसावर साचतो. म्हणून खालचा पडदा कायमचा शिवून टाकायचा नाही.

अण्णा : आणि थंडीत सिलिंडरवर बर्फ धरतो, ज्योत बारीक होते, ते? गेल्या वर्षी शेजारच्या वस्तीवर झालं.

हे निफाडच्या थंडीत खरंच होतं. आपल्याकडच्या एलपीजीत प्रोपेन आणि ब्युटेन दोन्ही असतात. ब्युटेनचा उत्कलनबिंदू शून्य अंशाच्या थोडा खाली आहे. बाहेर पाच-सहा अंश असताना एकाच सिलिंडरमधून भराभर गॅस ओढला की आतला द्रव उकळताना आणखी थंड होतो आणि दाब पडतो. उपाय सिलिंडर तापवण्याचा नाही. तसं करणं धोक्याचं आहे. दोन-तीन सिलिंडर एका नळीला जोडायचे म्हणजे प्रत्येकावरचा ताण कमी होतो. त्यासाठी अधिक सिलिंडर हाताशी लागतात आणि तेवढे पैसे आधी गुंतवावे लागतात. घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर शेडला लावणं कायद्यात बसत नाही, तरी तो लावलेला दिसतो, कारण तो स्वस्त पडतो.

अण्णा : आता मुद्द्याचं बोलू. पैसे कोणाचे?

सूनबाई : आपले.

अण्णा : मग झालं. पिल्लू कंपनीचं, खाद्य कंपनीचं, औषध कंपनीचं. शेड आपली, तूस आपलं, वीज आपली, ऊब आपली, रात्र आपली. किलोमागे जो दर ठरलेला आहे, त्यात हिवाळा आणि उन्हाळा सारखाच. मग मी कोळसा वापरला तर काय चुकलं? जिथं दुसऱ्याच्या पिल्लासाठी माझा खिसा रिकामा होतो, तिथं मी स्वस्त बघणारच.

सूनबाई : स्वस्त आहे का ते बघू. पहिल्या आठवड्यात जे पिल्लू गारठलं, ते खाल्लेलं अंगाला लावत नाही, उबेला लावतं. पुढं पाच आठवडे त्याचं खाद्याचं प्रमाण बिघडलेलं राहतं. बोनस खाद्याच्या प्रमाणावर आणि मरतुकीवर. तो आपलाच जातो.

अण्णा : ते तू हिशोबात दाखव. मी तुझ्या तोंडाच्या शब्दावर तीन ब्रूडर घेणार नाही.

करारातली ही बाजू बोलली जात नाही म्हणून मी तिला इथे जागा दिली. उबेचा खर्च शेतकऱ्याकडे, आणि त्या उबेमुळे वाचलेल्या खाद्याचा मोठा वाटा कंपनीकडे. अशा वाटणीत शेतकरी कमीत कमी ऊब देणार, यात त्याचा लोभ नाही. हिवाळ्यातल्या बॅचना वेगळा इंधनभत्ता असायला हवा, किंवा चांगले ब्रूडर कंपनीनं हप्त्यानं द्यायला हवेत. गॅसवर स्वच्छ जळणाऱ्या इन्फ्रारेड ब्रूडरची मी शिफारस करतो तेव्हा ही मागणी तिच्याबरोबरच करतो. ती सोडून केलेली शिफारस अण्णांच्या खिशावर टाकलेला बोजा होईल.

आणि ‘स्वच्छ जळणारा’ हे शब्द जपून वापरायचे. शेडमध्ये लव आणि तुसाची धूळ सतत उडते. फरशीची भोकं बुजली की लाल पृष्ठभागावर काळे डाग दिसतात, ज्योत पिवळी होते, काजळी धरते, आणि मग गॅसचा ब्रूडरही शेगडीसारखाच कार्बन मोनॉक्साइड सोडायला लागतो. प्रत्येक बॅचनंतर हवेच्या झोतानं फरशी साफ करायला वीस मिनिटं लागतात. ती वीस मिनिटं दिली नाहीत तर वरचं सगळं विवेचन फुकट.

अण्णा : एक करू. पुढच्या बॅचला निम्म्या पिल्लांना शेगडी, निम्म्यांना तुझा ब्रूडर. मग बोल.

सूनबाई : एकाच शेडमध्ये नको. शेगडीचा वायू आडपडद्याखालून माझ्याकडे येणार, आणि दोष ब्रूडरला लागणार.

अण्णा : मग जुनी शेड मला दे, नवी तू घे.

सूनबाई : नव्या शेडचा पत्रा उंच आहे. तसंही बरोबरीचं होणार नाही. दोन्ही शेडना छत आधी बांधू, एकाच उंचीवर, तुमच्याच हातानं. पिल्लं एकाच हॅचरीची, एकाच दिवशी उतरवलेली. तूस एकाच गाडीचं.

अण्णा : आणि मोजायचं काय?

सूनबाई : पहिल्या रात्री पोटात खाद्य गेलं की नाही, ते शंभर पिल्लांची पोटली चाचपून. सात दिवसांची मरतुक. सातव्या दिवशीचं वजन, उतरवल्या वेळच्या वजनाच्या चौपटीवर गेलं की नाही. जळालेला कोळसा किलोत, जळालेला गॅस किलोत, दोन्हींचे रुपये. आणि पहाटे चार वाजता दोन्ही शेडमध्ये तुम्ही स्वतः जमिनीशी पाच मिनिटं बसायचं.

अण्णा : हे शेवटचं कशाला?

सूनबाई : कारण अमोनिया आणि डोकेदुखी मोजायचं यंत्र आपल्याकडे नाही. आणि वहीत ते तुमच्या हातानं लिहायचं, माझ्या नाही.

अण्णा : लिहितो. पण छत गोणपाटाचंच. ताडपत्री नको म्हणालीस ते मला पटलं. आणि सिलिंडर आणायला जाशील तेव्हा दोन नको, तीन आण. पहाटे ज्योत बारीक झाली आणि तू हरलीस, तर ती हार मी धरणार नाही.